पूर्वाचा डावा पाय

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, सिस्टर, बाळंतपणाच्या वॉर्डातले गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. किस्से पुष्कळ आहेत. तपासणीसाठी दोन चमचे रक्त घेतलं की 'माझ्या लेकीच्या सहा बाटल्या काढल्या' म्हणून रिसेप्शनवर भांडणारी एक आई होती. बायकोला रक्त द्यायला छाती पुढे काढून आलेला आणि सुई टोचायच्या आधीच आडवा झालेला एक हवालदार होता. बायकोच्या आधी त्यालाच सलाईन लावावं लागलं. असलं मी तासभर सांगू शकते. पण लिहायला बसले की दरवेळी एकच गोष्ट समोर येते आणि ती हलकीफुलकी नाही. ती लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही.

चारकोपच्या एका नर्सिंग होममध्ये मी एकतीस वर्षं नोकरी केली. वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर, एक डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणायचे, आणि आम्ही पाच-सहा सिस्टर. निम्मं काम बाळंतपणाचं, निम्मं बायकांच्या बाकीच्या ऑपरेशनांचं, म्हणजे गर्भपिशवी काढणं, गाठी काढणं वगैरे. नवखी होते तेव्हा मला वाटायचं, या कामात भ्यायचं ते रक्त जाण्याला.

तसं भ्यायलाही कारण होतं. एकदा दहिसरच्या चाळीतून एक बाई आली. आठवा महिना, पोट लाकडासारखं कडक आणि रक्त चाललेलं. बाळाला पोसणारी वार आधीच सुटली होती. बाळाच्या आधी वार सुटली की आईच्या रक्तात गोठण्यासाठी जे काही असतं ते सगळं तिथेच खर्च होतं आणि उरलेलं रक्त पाण्यासारखं वाहत राहतं. लॅबचा रिपोर्ट यायला तास लागला असता. मॅडमनी तिचं थोडं रक्त काचेच्या साध्या नळीत घेतलं आणि नळी माझ्या हातात दिली. मुठीत धर, अंगाची ऊब लागू दे आणि घड्याळ बघ, म्हणाल्या. चांगलं रक्त सात-आठ मिनिटांत गोठतं, नळी उलटी केली तरी सांडत नाही. मी दहा मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त सरबतासारखं इकडून तिकडे गेलं. त्या बाईला रक्त आणि प्लाझ्माच्या पिशव्यांवर पिशव्या चढवल्या. ती वाचली, बाळ गेलं.

पण पुढे कळलं, की याच्या उलट गोष्टीला जास्त भ्यायला हवं. रक्त नको तिथे गोठण्याला.

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. बाई गरोदर राहिली की तिचं रक्त नेहमीपेक्षा चटकन गोठणारं होत जातं. शरीराची ती तजवीजच असते, बाळंतपणात वार सुटल्यावर आत जी जखम उघडी पडते ती लवकर बंद व्हावी म्हणून. बाळ झालं म्हणून ही तजवीज लगेच आवरली जात नाही, सव्वा-दीड महिना रेंगाळते. पोटाच्या भाराने पायाच्या शिरांमधलं रक्त आधीच तुंबलेलं असतं, डाव्या पायात जरा जास्तच. वर सिझेरियन झालेलं असेल, बाई नुसती पडून असेल, पाणी कमी पीत असेल, तर पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते. दही विरजतं तशी, गुपचूप. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतरही तेच. गुठळी जागेवर राहिली तर पाय सुजतो. सुटली तर रक्ताबरोबर वर जाते आणि फुप्फुसात अडकते. मग करण्यासारखं फार उरत नाही.

हे मी पुस्तकात शिकले होते, पण पाहिलं ते मालाडच्या एका शिक्षिकेच्या बाबतीत. गर्भपिशवी काढली होती, पाचवा दिवस, डिस्चार्जचा कागद तयार. त्यांनी स्वतःची साडी नेसली होती. मुलगी खाली रिक्षा बघायला गेली होती. बाई बाथरूमला जाऊन आल्या, खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, श्वास लागतोय. मी उशी सरळ करेपर्यंत ओठ निळे झाले. मॅडम धावत आल्या, ऑक्सिजन लावला, छाती दाबली. मुलगी रिक्षा ठरवून वर आली तेव्हा आम्ही थांबलो होतो. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, की पोटरीत गोळा आल्यासारखं वाटतंय. मी त्यांना गरम पाण्याची पिशवी दिली होती.

त्यानंतर मॅडमनी नियम केला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बाईला उठवायचं आणि चालवायचं, रडली तरी. पेशंटच्या तक्त्यावर नवा रकाना आला. त्यात सिस्टरने रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचं, 'चालली'.

आता आपल्याकडे बाळंतीण घरी गेली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सव्वा महिना खाटेवरून उतरायचं नाही, कानाला रुमाल, खोलीच्या खिडक्या बंद, आणि पाणी घोटभर, कारण जास्त प्यायली तर म्हणे टाके पिकतात आणि बाळाला सर्दी होते. किती जणींशी मी यावरून वाद घातला असेन. एक आजी मला म्हणाल्या, आम्हाला सात झाली, आम्हाला कोणी चालवलं नाही. मी म्हटलं, आजी, तुम्ही बाराव्या दिवशी विहिरीवर होतात. त्या हसल्या, पण नातसुनेला उठू दिलं नाही.

या सगळ्या रीतींमध्ये एका गोष्टीला मात्र माझा विरोध नव्हता, ती म्हणजे मालिश. कारण शेवंती. कुडाळकडची बाई, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर हे काम धरलं आणि दहिसरपासून चारकोपपर्यंत शेकडो बाळंतिणी आणि बाळं तिच्या हाताखालून गेली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, पण मी तिला तू म्हणायची आणि ती मला तुमी. सिझेरियनवालीच्या पोटाला ती कधी हात लावायची नाही. हात, पाय, डोकं, पाठ एवढंच. डिस्चार्ज देताना गोळ्यांच्या कागदामागे मी स्वतः तिचा नंबर लिहून द्यायची. मला ती पहिल्या आंब्याची पेटी आणून द्यायची आणि मी नको नको म्हणत घ्यायची.

पूर्वा आमच्याकडे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. नवरा मालाडला एका ऑफिसात, घर दहिसरला नव्या टॉवरमध्ये, सासू शिकलेली, निवृत्त, अतिशय प्रेमळ आणि त्याहून जास्त ठाम. पहिली खेप, सिझेरियन, मुलगी. दुसऱ्या दिवशी वॉर्ड भरलेला होता. मी तक्ता घेऊन खाटेपाशी गेले आणि विचारलं, चाललीस का गं? सासूबाईंनी उत्तर दिलं, हो हो, बाथरूमपर्यंत जाऊन आली. पूर्वाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी लिहिलं, 'चालली'. तिसऱ्या दिवशीही लिहिलं. ती एक पाऊलही चालली नव्हती, सासूबाई आमच्या आयाबाईला सांगून बेडपॅन घेत होत्या, हे मला फार नंतर कळलं. पण खरं सांगायचं तर तिची ती मान मला त्याच दिवशी कळायला हवी होती.

घरी गेल्यावर शेवंतीचं मालिश सुरू झालं. मालिशच्या दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी थिएटरमध्ये पुढच्या ऑपरेशनची हत्यारं मांडत होते. मोबाईल वाजला. पूर्वाच्या घरून शेवंती होती. हळू आवाजात बोलत होती, स्वयंपाकघरात जाऊन लावला होता म्हणे फोन.

"सिस्टरांनू, ह्या पोरगीचो डावो पाय सुजलो हा. एकच. नि हाताक ऊन लागता. काय करू?"

मी फोन खांदा आणि कान यांच्यात धरला होता. समोर मोजायच्या कात्र्या होत्या, आत मॅडम हातमोजे मागत होत्या. मी म्हटलं, "अगं बाळंतिणीचे पाय सुजतातच. तेल कोमट कर आणि चोळ नीट."

ती बरां म्हणाली. मी फोन ठेवला.

तिचा शब्द न् शब्द मला नीट ऐकू आला होता. एकच पाय, डावा, ऊन. पाच मिनिटांनी, कात्र्या मोजून झाल्यावर, ते डोक्यात पोचलं. दोन्ही पाय सुजले तर तो बाळंतपणाचा फुगवटा. एकच सुजला, गरम लागला, तर आत गुठळी. आणि अशा पायाला चोळणं म्हणजे ती गुठळी हाताने सोडवून वर पाठवणं. मी चोळ म्हटलं होतं. वर, नीट चोळ म्हटलं होतं.

फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा लावला. मालिश करताना शेवंतीचे हात तेलाचे असतात, फोन पिशवीत असतो, हे मला माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक रिंगबरोबर मला तिचा हात त्या पोटरीवरून वर जाताना दिसत होता. पूर्वाच्या नवऱ्याचा फोन बंद लागला. सासूबाईंचा नंबर आमच्याकडे नव्हताच. दुसऱ्या सिस्टरला थिएटरमध्ये उभं केलं, मॅडमना दारातूनच सांगितलं, पूर्वाचा एक पाय सुजलाय, मी जाऊन घेऊन येते. आणि गणवेशावर रिक्षात बसले.

चारकोप ते दहिसर फार लांब नाही. त्या दिवशी लिंक रोड तुंबला होता. मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा जागच्या जागी धडधडत उभी होती आणि मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी भ्याले होते, आयुष्यात कधी नव्हते इतकी. मालाडच्या बाईंचे ओठ डोळ्यांसमोरून जात नव्हते. त्यातही एक विचार मधूनमधून येत होता आणि तो सांगायची लाज वाटते, तरी सांगते: शेवंती कोणाला सांगेल का, की मी चोळ म्हटलं?

टॉवरच्या लिफ्टमध्ये कोमट तेलाचा वास नाकात बसला. खरा होता की माझ्या मनाचा, देव जाणे. दार सासूबाईंनी उघडलं. आतल्या खोलीत पूर्वा गादीवर पडली होती, डोळे उघडे, श्वास चालू. बाळ कुशीत झोपलेलं. शेवंती भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, आणि शेजारी तेलाची वाटी काठोकाठ भरलेली.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. ही अर्धा तास नुसती बसून आहे. म्हणते, सिस्टरांनी हात लावू नको सांगितलंय, त्या स्वतः येतायत."

मी शेवंतीकडे पाहिलं. ती वाटीकडे बघत होती.

पूर्वाच्या पायावरची चादर काढली. डावी पोटरी उजवीपेक्षा नजरेलाच जाड, ताणलेली, चकाकणारी. तिच्याच ओढणीने मापलं तर तीन बोटांचा फरक. हात ठेवला तर ताप आल्यासारखी ऊन. मी पूर्वाला म्हटलं, पाय अजिबात हलवायचा नाही, आणि ॲम्ब्युलन्स मागवली. तिने विचारलं, सिस्टर, मी मरणार का? मी म्हटलं, वेडी आहेस का. रस्त्यात ती दोनदा खोकली आणि दोन्ही वेळा मी तिचे ओठ बघितले. तो खोकला साधा होता, पण तेव्हा ते मला कोण सांगणार.

मोठ्या हॉस्पिटलात नेऊन केलेल्या सोनोग्राफीत गुठळी मांडीपर्यंत गेलेली दिसली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, पोटावर, सकाळ-संध्याकाळ. पुढे कित्येक महिने गोळ्या. तिथल्या डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं, की कोणी हा पाय चोळला असता तर ही मुलगी इथवर पोचली नसती. पूर्वा वाचली. तिचा पाय हळूहळू उतरला आणि ती चालायला लागली.

आठवड्याने मॅडम आमच्या वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, याला अनुभव म्हणतात. सिस्टरनी नुसत्या फोनवरून ओळखलं." पूर्वाचा नवरा पेढे घेऊन उभा होता, त्याचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मग कोणीतरी त्यात पेढा घातला आणि मी तो खाल्ला.

तिथेच थांबलं असतं तरी मी स्वतःला कसंतरी समजावलं असतं. पण सासूबाईंना कोणावर तरी राग काढायचा होता. सुनेला इतके दिवस हलू दिलं नाही, पाणी घोटभर दिलं, हे स्वतःशी कबूल करणं सोपं नसतं. त्यांनी सोसायटीत सांगितलं, की मालिशवालीने नऊ दिवस चोळून चोळून पायाची वाट लावली, तरी बरं सिस्टर वेळेवर आल्या. एका सोसायटीतून दुसरीत, दहिसरहून चारकोपच्या सेक्टरांत गोष्ट पसरली. मॅडमनी नियम केला, सिझेरियनवालीला बाहेरच्या मालिशवालीचा नंबर द्यायचा नाही. तशी पाटी लिहिली आणि ती भिंतीवर मी चिकटवली. चारही कोपऱ्यांना नीट चिकटपट्टी लावून.

शेवंतीचा मला दोनदा फोन आला. ती तक्रार करायची नाही, एवढंच म्हणायची, की कामां कमी झाली हत सिस्टरांनू, कोण असला तर सांगा. मी म्हटलं, बघते हं. तिसऱ्यांदा तिने फोन केला नाही. कोणीतरी सांगितलं, ती चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोकी भरायच्या कामाला लागली आहे. जे हात पोटरीवर ठेवले की आतलं कळायचं, ते दिवसभर पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावत होते. माझ्या घरापासून तो गाळा दहा मिनिटांवर. मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं.

मी निवृत्त झाले त्या दिवशी पूर्वा मुलीला घेऊन आली होती. मुलीला म्हणाली, या आजींमुळे आई आहे. फोटो काढले. तो फोटो मी घरात लावलेला नाही.

मागच्या महिन्यात हे सगळं लिहून झालं तेव्हा वाटलं, ज्या बाईचं आहे तिला विचारल्याशिवाय छापायला देणं बरं नव्हे. शेवंतीला वाचता येत नाही. दहिसरला तिच्या लेकीच्या खोलीवर गेले. दार उघडताच म्हणाली, इल्यात, बसा, आणि मला बसायला खुर्ची दिली, स्वतः खाली बसली. केस पांढरे झालेत, हात तसेच आहेत. चहा झाल्यावर मी कागद काढले आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. कात्र्यांपर्यंत येऊन मी थांबले. ती म्हणाली, वाचा. पाटीचं वाचलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती मी चिकटवली होती, हे तिला माहीत नव्हतं.

वाचून झाल्यावर ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. छापा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी विचारलं, शेवंती, त्या दिवशी माझे फोन का उचलले नाहीस?

"तुमी परत चोळ म्हणून सांगशात म्हणान," ती म्हणाली. "दोनदा सांगल्यार माका नाय म्हणूक जमूचा नाय."

मग म्हणाली, "मी कोणाक सांगलंय नाय. तुमची नोकरी जायत म्हणान गप रवलंय. तुमी कित्याक गप रवल्यात?"

मी म्हटलं, भीती वाटली गं.

"भ्या माका पण वाटला," शेवंती म्हणाली. "तरी मी चोळलंय नाय."